पिकअपचा बाहेरून बसवलेला सायलेन्सर घासतो, आदळतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी पिकअप आठवड्यातून चार वेळा दिवे घाट उतरते. सासवडकडचा माल, हंगामात अंजीर आणि सीताफळ, एरवी भाजी, पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचवायचा आणि उन्हं चढायच्या आत घाट चढून परत यायचं. गाडी जुनी घेतली तेव्हा तिला आधीच्या मालकाने बाहेरून केलेला स्टेनलेसचा जाड सायलेन्सर होता. दिसायला देखणा. पहिल्याच स्पीडब्रेकरला खालून ‘ठक’ झालं. एका गॅरेजने एक हँगर (सायलेन्सर टांगायचा दांडा) चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, वेल्ड करून टाकला, दुसऱ्याने तारेने आवळला, तिसऱ्याने आणखी एक क्लॅम्प चढवला. आवाज दोन महिने गेला आणि मग ऐन घाटात इंजिनजवळची फ्लँज, म्हणजे पाइप बोल्टाने जोडायची कडा, तडकली. त्यानंतर गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घेतली, सगळा सायलेन्सर उतरवला आणि पहिल्यापासून टांगला. तेव्हापासून यार्डात कुणाची गाडी वाजली की माणसं मला बोलावतात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे मांडले आहेत.

कंपनीचा सायलेन्सर होता तेव्हा आवाज नव्हता. हा बसवल्यावरच का सुरू झाला?

कारण सायलेन्सर हलतो. तो हलणारच असतो आणि कंपनीने त्याच्या हलण्याला जागा ठेवलेली असते. बाहेर बसवणाऱ्याने बहुतेक वेळा तेवढीच गोष्ट हिशेबात धरलेली नसते.

पिकअपचं इंजिन चासीवर रबराच्या फाउंडेशनवर बसलेलं असतं. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की ते एका बाजूला कलतं, रेस सोडली की परत येतं. एक्झॉस्टचा पुढचा पाइप थेट इंजिनला धरलेला, म्हणजे इंजिन कललं की तोही कलणार. मागचा भाग मात्र चासीला रबरांवर टांगलेला. म्हणजे एक टोक इंजिनाबरोबर नाचतंय आणि दुसरं चासीबरोबर. या दोघांमधली ओढाताण मिटवायला मध्ये जाळीचा लवचीक तुकडा असतो, ज्याला आपल्याकडे नुसतं ‘फ्लेक्झिबल’ म्हणतात. काही गाड्यांत त्याजागी स्प्रिंग लावलेला गोल जॉइंट असतो. त्यात भर म्हणजे मागचा अ‍ॅक्सल पाट्यांवर वरखाली होतो आणि शेपटीचा पाइप बऱ्याच पिकअपमध्ये त्याच अ‍ॅक्सलच्या वरून वळून मागे जातो.

आता बाहेरचा सायलेन्सर पाहा. पाइपचा व्यास मोठा, म्हणजे चारी बाजूंची जागा तितकी कमी झाली. आवाज दाबणारा डबा जड, म्हणजे रबरं जास्त ताणली आणि सगळं खाली उतरलं. वळणं हाताने किंवा दुसऱ्या गाडीच्या मापाने काढलेली, म्हणून पाइप एका बाजूला चिकटला. कधीकधी तर पाइप लांबीला बसेना म्हणून फ्लेक्झिबलच कापून टाकलेला असतो. माझ्या गाडीत नेमकं हेच झालेलं होतं. ज्या गाडीतून फ्लेक्झिबल गेला त्या गाडीत बाकी काहीही करा, आवाज तरी राहतो नाहीतर तडा तरी जातो. आधी तो परत बसवा.

आवाज नेमका कुठे होतो हे कसं शोधायचं?

आवाज कधी येतो यावर अर्धं उत्तर मिळतं, म्हणून पान्याला हात लावण्याआधी दोन दिवस नुसतं ऐका.

गाडी उभी आहे, इंजिन चालू करताना किंवा बंद करताना एकदाच ‘धड’ होतं: इंजिन जोरात हलतं त्या क्षणी पुढचा पाइप गिअरबॉक्सच्या क्रॉस मेंबरला (चासीच्या आडव्या पट्टीला) किंवा चासीला लागतोय. गिअर टाकून क्लच सोडताना ‘ठक’ आणि रेस सोडताना पुन्हा ‘ठक’: हेच, किंवा इंजिनाचं रबरी फाउंडेशन दबून गेलंय. ठरावीक आरपीएमला घरघर आणि त्याच्या वरखाली शांत: काहीतरी जेमतेम टेकलंय, बहुधा उष्णतारोधक पत्रा. फक्त स्पीडब्रेकरवर किंवा खड्ड्यात: मागचा भाग अ‍ॅक्सलवर, शॉकअपवर किंवा स्टेपनीच्या कॅरियरवर आदळतोय. वळणावर घासल्याची करकर: शेपटीचा पाइप पाट्याला किंवा टायरच्या आतल्या बाजूला लागतोय, ती गाडी तशी चालवू नका.

मग गाडी पूर्ण थंड असताना मागे बसा, शेपटीचा पाइप हातात धरा आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे ढकला. नीट टांगलेला सायलेन्सर दोनेक सेंटिमीटर हलतो आणि कुठेही न लागता जागेवर येतो. वाजला तर तिथेच हात थांबवा, गाडीखाली टॉर्च मारा. दहातल्या सहा गाड्यांचं निदान माझ्या अनुभवात इथेच होतं.

तरीही नाही सापडलं तर घासल्याच्या खुणा बघा. धूळ आणि गंज यांच्यामध्ये नाण्याएवढी चकचकीत जागा दिसली की ती बोलते. पाइपवर आणि त्याच्यासमोरच्या चासीवर अशा दोन जागा समोरासमोर असतात. खूण नीट नसेल तर संशय असलेल्या फटीत कणकेचा छोटा गोळा चिकटवा, गाडी थंड असतानाच दोन स्पीडब्रेकर घेऊन या आणि गोळा किती दबला ते पाहा. पूर्ण चपटा झाला असेल तर तिथे लागतंय, अर्धा राहिला असेल तर किती जागा उरते तेही कळतं. पाइप तापला की कणीक जळून जाते, म्हणून हे सकाळी पहिल्या फेरीला करायचं. चासीच्या बाजूला ओला खडू फासला तरी चालतं.

इंजिनाचं कलणं पाहायचं असेल तर बॉनेट उघडून, हँडब्रेक आणि पायब्रेक दोन्ही दाबून, आत बसलेल्याने पहिला गिअर टाकून क्लच जरासा उचलायचा आणि पुन्हा दाबायचा. तुम्ही बाजूला उभे राहा. गाडीच्या पुढे नाही, मागे नाही आणि खाली तर अजिबात नाही. खालचं दृश्य हवं असेल तर फोन जमिनीवर व्हिडिओ चालू करून ठेवा.

गाडीखाली जाताना काय सांभाळायचं?

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. सपाट सिमेंटवर, चाकांना दगड किंवा लाकडाचे ठोकळे लावून, चासीखाली दोन्ही बाजूंना घोड्या (लोखंडी टेकू) देऊन मगच. त्यापेक्षा गॅरेजचा खड्डा बरा. पाइप थंड व्हायला तासभर तरी जाऊ द्या. डोळ्यांवर गॉगल, कारण गंजाची पापुद्री थेट डोळ्यात पडते. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काम नको, कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग.

थंड गाडी गप्प असते. हडपसरपर्यंत पोचलो की घासायला लागते. का?

पाइप लांब झाला. लोखंड तापलं की वाढतं हे शाळेत शिकलोय, पण किती वाढतं ते मोजून पाहिलं तर चकित व्हायला होतं.

समजा पाइप ३ मीटर लांब आहे आणि सरासरी २५० अंश सेल्सिअसने तापला. साधं पोलाद असेल तर तो सुमारे ९ मिलिमीटर वाढेल. ३०४ जातीचं स्टेनलेस असेल तर जवळजवळ १३ मिलिमीटर. कंपन्या बहुतेक वेळा ४०९ जातीचं स्टेनलेस किंवा अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेलं पोलाद वापरतात, त्यांची वाढ साध्या पोलादाच्या आसपास असते. बाहेरच्या देखण्या सायलेन्सरमध्ये मात्र ३०४ फार चालतं. म्हणजे तोच मार्ग, तीच लांबी, पण वाढ दीडपट. कंपनीच्या हँगरांनी जी सूट ठेवली होती ती पुरत नाही आणि पाइप मागे सरकून क्रॉस मेंबरला टेकतो.

तुमचा पाइप कोणता ते ओळखायला चुंबक लावा. ४०९ ला चुंबक घट्ट चिकटतं. ३०४ ला चिकटत नाही, वळणाजवळ फार तर किंचित ओढ लागते.

यावर उपाय साधा आहे. थंड असताना रबरं सरळ उभी टांगायची नाहीत. हँगरचा दांडा रबरात जरा पुढच्या बाजूला राहील असा पाइप बसवायचा. तापून पाइप मागे सरकला की रबर सरळ होतं. थंड गाडीत सगळं सरळ टांगलेलं दिसलं की मेस्त्री खूश होतो, पण गरम गाडीत तीच रबरं मागे ताणलेली असतात.

गॅरेजवाला म्हणतो, रबर काढून थेट चासीला वेल्ड मारू, आवाज कायमचा जाईल.

जाईल, काही आठवडे. मी हे करून बसलोय.

इंजिन कलणं थांबत नाही, पाइप तापून वाढणंही थांबत नाही. मागचं टोक चासीत गाडलं की ही सगळी ओढ सर्वांत कमजोर जागी जाते: मॅनिफोल्डचे (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या तोंडाचे) स्टड, टर्बोच्या मागची फ्लँज, फ्लेक्झिबलची जाळी किंवा वेल्डच्या कडेचा पाइप. तडा तिथे जातो. स्टड मॅनिफोल्डमध्येच तुटला तर तो काढायचं काम सायलेन्सरच्या किमतीलाही मागे टाकू शकतं. शिवाय इंजिनाची सगळी थरथर चासीतून केबिनमध्ये आणि हौद्यात येते. पिकलेलं अंजीर हलक्या हाताचं फळ आहे, त्याच्या पाटीखाली अशी थरथर नको.

तारेने आवळणं, क्लॅम्पवर क्लॅम्प चढवणं, फटीत टायरचा तुकडा कोंबणं हे सगळं त्याच जातीचं. टायरचा तुकडा तर तापलेल्या पाइपला लागून धुमसतो. आवाज येतो तिथे जागा करा, बांधू नका.

मग रबरं कोणती घ्यायची?

आधी वजन बघा. कंपनीचा डबा आणि तुमचा डबा दोन्ही हातात उचलून पाहा. नवा डबा बराच जड असेल तर तीच रबरं ताणून खाली येणार, तिथे दुहेरी मजबूत रबर किंवा आणखी एक हँगर लागतो.

काळी ईपीडीएमची (हा कृत्रिम रबराचा प्रकार) रबरं बहुतेक ठिकाणी पुरतात. डब्याच्या अगदी जवळ, जिथे उष्णता जास्त, तिथे सिलिकॉनची जास्त टिकतात. पॉलियुरेथेनची कडक रबरं पिकअपला मला पटत नाहीत, त्यांनी आदळणं कमी होतं पण घरघर केबिनमध्ये येते. जुनी रबरं बोटांनी वाकवून बघा: भेगा उघडल्या किंवा भोक लांबट झालं असेल तर सगळी एकदम बदला. एक नवं आणि तीन जुनी असं केलं तर सगळा भार नव्यावर येतो आणि पाइप तिरपा टांगला जातो.

रबर दांड्यावर चढत नसेल तर साबणाचं पाणी लावा. डिझेल, ऑइल किंवा ग्रीस लावू नका, ईपीडीएम खनिज तेलाने फुगतं आणि सैल पडतं. चढवताना दोन मिनिटं वाचवायला तेल लावायचं आणि सहा महिन्यांनी पुन्हा खाली झोपायचं, यात काही मिळत नाही.

सायलेन्सर पहिल्यापासून टांगायचा तर क्रम काय?

हे काम घाईने होत नाही. अर्धा दिवस काढा.

जुने नटबोल्ट आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या स्प्रेने भिजवून ठेवा. सगळा सायलेन्सर उतरवल्यावर रिकाम्या चासीकडे नीट बघा. ब्रेकचे पाइप कुठून जातात, डिझेलची लाइन कुठे, हँडब्रेकची केबल कुठे, वायरिंग कुठे. यातलं काहीही पाइपच्या वाटेत येत असेल तर सायलेन्सरची वाट बदलायची. ब्रेकचा पाइप वाकवून जागा करायची नाही.

मग पुढून सुरुवात. इंजिनाकडच्या फ्लँजवरचं जुनं पॅकिंग (जोडातून गॅस निसटू न देणारी चकती) खरवडून काढा, नवं घाला. जुनं पॅकिंग उलटं करून वापरलं की महिन्याभरात काजळी बाहेर येते. बोल्ट हातानेच लावा, पाना लावू नका. फ्लेक्झिबल बसवताना तो सरळ आणि मोकळा असला पाहिजे. पाइप जुळत नाही म्हणून त्याला वाकवून, पिळून बसवलं तर त्याची सूट बसवतानाच संपते, पुढे इंजिनासाठी काही उरत नाही. मधला पाइप, डबा, शेपटी, सगळे तुकडे एकमेकांत सरकवून रबरांवर नुसते टांगा. एकात एक सरकणारे पाइप चारपाच सेंटिमीटर तरी आत गेलेले हवेत.

आता खरं काम: प्रत्येक तुकडा गोल फिरवून आणि पुढेमागे सरकवून जागा वाटून घ्यायची. एकीकडे तीन बोटं आणि दुसरीकडे काहीच नाही असं होऊ देऊ नका. चासी आणि क्रॉस मेंबरपासून किमान दोन बोटं मी ठेवतो. पुढच्या भागात, इंजिनाजवळ, त्याहून जास्त, कारण तिथे हालचाल मोठी. अ‍ॅक्सलवरच्या पाइपचा हिशेब वेगळा आहे, तो पुढच्या प्रश्नात.

जागा मनासारखी झाली की पुढून मागे घट्ट करत जायचं, प्रत्येक जोड घट्ट केल्यावर पुन्हा एकदा सगळीकडे बघायचं, कारण क्लॅम्प आवळताना पाइप फिरतो. स्टेनलेसच्या नटबोल्टांना कॉपर ग्रीस लावा, नाहीतर आटे एकमेकांना चिकटून पुढच्या वेळी बोल्ट कापावा लागतो.

गाडी चालू करून चांगली तापवा, थंड होऊ द्या, पुन्हा आवळा. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. डिझेल गाडीला गळती शोधायला यंत्र लागत नाही, जिथून गॅस निसटतो तिथे काळी काजळी उमटते.

रिकामी गाडी वाजत नाही, माल भरला की आदळते. (किंवा नेमकं उलट.)

माल भरला की पाटे सपाट होतात आणि अ‍ॅक्सल चासीच्या जवळ येतो. अ‍ॅक्सलच्या वरून जाणारा पाइप तेव्हा वरून चासीला नाही, खालून अ‍ॅक्सलला भेटतो. मेस्त्री जागा तपासतो ती रिकाम्या गाडीवर, आणि तीही बहुतेक वेळा लिफ्टवर लटकलेल्या चाकांसकट. तिथे जागाच जागा दिसते.

मोजायची पद्धत अशी. गाडी चाकांवर उभी असताना अ‍ॅक्सल आणि त्याच्या वरचा बंप स्टॉपर (अ‍ॅक्सल चासीवर आदळू नये म्हणून लावलेलं रबर) यांच्यातलं अंतर घ्या. समजा ते ९० मिलिमीटर आहे. अ‍ॅक्सल तितका वर येणार, आणि स्टॉपरचं रबर दबून आणखी थोडा. म्हणून पाइपचा तळ आणि अ‍ॅक्सल यांच्यात या अंतरापेक्षा किमान २५ मिलिमीटर जास्त जागा हवी, म्हणजे या उदाहरणात ११५. इतकी मिळत नसेल तर शेपटीचं वळण बदलून घ्या किंवा पाइप अ‍ॅक्सलच्या आधीच बाजूला काढा. पाइप अ‍ॅक्सलच्या खालून नेणारे लोक मी पाहिलेत. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरांवर तो टिकणार नाही.

रिकामी गाडी वाजते आणि भरलेली गप्प, हे झालं तर पाटे मोकळे असताना अ‍ॅक्सल खाली लटकतो आणि शॉकअप किंवा ब्रेकचा होज पाइपच्या बाजूला येतो. तिथे बघा. ज्यांनी गाडी उंच करून घेतली आहे, जास्तीचा पाटा किंवा लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला धरणारी कडी) टाकून, त्यांनी हे दोन्ही टोकांना तपासायचं, कारण त्यांच्या अ‍ॅक्सलची सगळी जागाच बदललेली आहे.

यू क्लॅम्प चालतो का?

चालतो, पण तो पाइप चिमटतो. एकदा आवळला की दोन्ही पाइपांवर खाच पडते आणि पुढे जोड सरकवून जागा करायची सोय राहत नाही. जिथे पुन्हा उघडायचं काम पडेल तिथे रुंद पट्टीचा क्लॅम्प किंवा फ्लँज घ्या. आणि क्लॅम्पचे लांब बोल्ट खाली तोंड करून ठेवू नका. दगडाला, स्पीडब्रेकरला आधी तेच लागतात आणि ‘ठक’ म्हणतात. कित्येकदा सगळा आवाज त्या एका बोल्टाच्या शेपटीचा असतो.

पाइप ठोकून थोडा चपटा केला तर जागा होईल ना?

होईल. कंपन्याही काही गाड्यांत पाइपला ठरवून खोबण देतात. तुम्ही करायचं असेल तर उथळ, गुळगुळीत आणि बाहेर काढून. गाडीवरच हातोडा मारू नका, तो धक्का टर्बोच्या फ्लँजपर्यंत जातो. पाव व्यासाहून जास्त दाबायची वेळ आली तर पाइपची वाटच चुकली आहे असं समजा.

नुसतं घासतंय, आवाज सहन होतो. तसंच चालवलं तर?

काय घासतंय त्यावर आहे. चासीच्या जाड पत्र्याला घासत असेल तर पाइप पातळ होऊन भोक पडेल, एवढंच. ब्रेकच्या पाइपला, डिझेलच्या लाइनला किंवा वायरिंगच्या जुडग्याला घासत असेल तर गाडी आजच थांबवा. ब्रेकच्या लोखंडी पाइपची भिंत पातळ असते, घासून ती फुटली तर पेडल एकदम खाली जातं. भरलेली गाडी दिवे घाटात किंवा नवले पुलाच्या उतारावर असताना हे घडलं तर काय होईल ते आपण पुणेकरांना सांगायला नको.

नुसती उष्णताही पुरते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत सायलेन्सरचा पाइप इंधनाच्या लाइनपासून किमान ३५ मिलिमीटर दूर हवा असं आहे. मी तिथे त्याच्या दुप्पट ठेवतो आणि मध्ये पत्रा लावतो. प्लॅस्टिकची टाकी असेल तर कंपनीने दिलेला उष्णतारोधक पत्रा काढून टाकू नका. तो खडखडतो म्हणून काढणारे फार आहेत. त्याचा बोल्टाचा कान गंजून तुटलेला असतो. मोठा वॉशर टाकून बसवा किंवा लांब जुबली क्लिपने पाइपभोवती बांधा, दहा मिनिटांचं काम आहे.

आवाज सायलेन्सरचाच आहे हे नक्की कशावरून?

चांगला प्रश्न, कारण सायलेन्सर बदलल्यावर आलेला प्रत्येक आवाज आपण त्याच्याच नावावर टाकतो. गाडीखाली ‘ठक’ करणारी बरीच मंडळी आहेत: शॅकलचे बुश, सैल झालेले पाट्यांचे यू बोल्ट, शॉकअपचे बुश, प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचा) क्रॉस आणि त्याचं मधलं बेअरिंग, स्टेपनी धरणारी साखळी. गिअर टाकल्यावर एकदाच धातूवर धातू आदळल्यासारखं झालं आणि सायलेन्सर हाताने हलवून काहीच वाजलं नाही, तर शाफ्ट हाताने फिरवून क्रॉसचा खेळ बघा.

फाउंडेशन मात्र दोन्हींत सामील असतं. ते बसलं की इंजिन जास्त कलतं आणि कालपर्यंत न लागणारा पाइप आज लागतो. जुन्या गाडीत पाइपला जागा करण्याआधी फाउंडेशन तपासा, नाहीतर चुकीच्या रोगावर औषध होईल.

आवाज डब्याच्या आतूनच येत असेल, तर थंड डब्यावर मुठीने किंवा रबरी हातोडीने ठोका. आत खुळखुळलं तर आतली जाळी किंवा पडदा सुटलाय. त्याला बाहेरून इलाज नाही, डबा उघडून वेल्ड करा किंवा बदला.

माझी गाडी बीएस६ आहे. काही वेगळं?

बरंच. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो आणि काहींत युरियाचं द्रावण मारणारी एससीआर यंत्रणाही. डीपीएफ साठलेली काजळी अधूनमधून जाळतो, तेव्हा आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. म्हणजे वर सांगितलेली पाइपची वाढ आणि उष्णता दोन्ही अशा वेळी जास्त. नवा पाइप त्या वेळचा विचार करून टांगा.

बदल करायचाच तर डीपीएफच्या मागचा भागच. डीपीएफ काढून सरळ पाइप टाकून देणारे भेटतात. ते बेकायदा आहे, आणि आपण सोडलेला तो काळा धूर आपल्याच सिग्नलला उभी असलेली पोरं ओढतात. सेन्सरच्या वायरी आणि दाब मोजणाऱ्या बारीक नळ्या पाइपला टेकलेल्या नाहीत ना, हेही पाहा. आवाज काढता काढता डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला, तर आधी त्या नळ्या तपासा.

वेल्डिंग करून घेताना काय सांगायचं?

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढूनच मशिन चालू करायला सांगा. अर्थचा चिमटा वेल्डच्या जवळ, त्याच पाइपवर. दूर चासीला लावला तर करंट बेअरिंगमधून किंवा इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधून वाट काढतो. गाडीवर फक्त ठिपके मारून जागा पक्की करा, पूर्ण वेल्ड पाइप खाली उतरवून. स्टेनलेस आणि साधं पोलाद जोडायचं असेल तर ३०९ नंबरची काडी किंवा तार मागा, साध्या काडीने तो जोड तडकतो. जस्ताचा मुलामा असलेला पाण्याचा पाइप कुणी वापरायला निघाला तर थांबवा. त्याचा धूर वेल्डरला आजारी पाडतो.

कायद्याचं काय? पासिंगला अडेल का?

कंपनीसारख्याच मापाचा, शांत आणि धूर वाढवू न देणारा बदली सायलेन्सर आणि आवाज वाढवणारा सायलेन्सर यात फरक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत बदल करता येत नाही. आवाज आणि धुराची मर्यादा मोडली तर कलम १९०(२) लागतं: पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिने जातं. धूर जमिनीकडे किंवा डाव्या बाजूला सोडणारी शेपटीही नियमात बसत नाही, मागे किंवा उजवीकडे हवी. डावीकडे फुटपाथवर माणसं असतात, एवढं लक्षात घेतलं तरी नियम पटतो.

मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी असतं. अधिकारी खाली वाकून बघतोच. तारेने बांधलेला सायलेन्सर घेऊन जाऊ नका.

पुण्यात हे काम कुठे करायचं?

दुकानाचं नाव मी सांगत नाही, माणसं बदलतात. रबरं, क्लॅम्प, पॅकिंग, फ्लेक्झिबल यांसाठी नाना पेठ. जुना तुकडा हातात घेऊन जा, तोंडी मापाने आणलेली वस्तू निम्म्या वेळा परत करावी लागते. पाइप वाकवून घ्यायचा असेल तर भोसरीच्या एमआयडीसीत पाइप बेंडिंगची यंत्रं असलेले कारखाने आहेत. तिथे वळण गोल राहतं, रस्त्यावर वाळू भरून तापवून वाकवलेल्या पाइपला सुरकुत्या पडतात. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत मोठ्या गाड्यांचे मेस्त्री आहेत आणि त्यांच्याकडे खड्डा असतो.

मेस्त्री पारखायचा एक प्रश्न माझ्याकडे आहे. ‘गाडी भरल्यावर पाइप कुठे येईल?’ असं विचारा. जो उत्तर देण्याआधी गाडीखाली बघतो त्याच्याकडे गाडी सोडा.

पावसाळ्यात आवाज वाढतो, खरं की भास?

खरं. चिखल आणि खडी पत्र्याच्या आणि पाइपच्या फटीत अडकते, वाळली की खडखडते. पाण्याच्या जोराने धुवा. डब्याच्या तळाला पाणी गळायचं बारीक भोक असेल तर ते बुजवू नका. छोट्या छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत आत पाणी साठतं आणि डबा आतून कुजतो.

एवढं करण्यापेक्षा परत कंपनीचाच सायलेन्सर बसवू का?

गाडी रोज माल वाहते, बीएस६ आहे किंवा तिचा फ्लेक्झिबल कापलेला आहे, यातलं काही लागू असेल तर माझं उत्तर हो. मी आठ महिने बाहेरचा सायलेन्सर नीट टांगून चालवला, आवाज खरोखर गेला होता. तरी जुन्या बाजारात माझ्या मॉडेलचा मूळ सायलेन्सर चांगल्या अवस्थेत मिळाला तेव्हा तोच बसवला, नवी रबरं आणि नवं पॅकिंग घालून. हँगरचा प्रत्येक दांडा आपापल्या भोकात हाताने गेला, कुठे हातोडा लागला नाही. हौशीची गाडी असेल, वेळ असेल, तर बाहेरचाही चालतो, फक्त वरचं सगळं करून. आणि गाडी घेताना आधीच्या मालकाने काढलेला मूळ सायलेन्सर मागून घ्या, तो बहुतेकदा त्याच्या गच्चीवर किंवा गोठ्यामागे पडलेला असतो.